भूगर्भातील प्लॅटिनम : खाणीच्या नफ्यातोट्याचा अभ्यास

गोव्यात खाण म्हटली की डोळ्यांपुढे उभी राहते ती उघडी खाण. वरची माती व जांभा खडक काढून बाजूस टाकावा, खालचे लोहखनिज यंत्राने उचलावे, ट्रकातून धक्क्यापर्यंत आणि तेथून बार्जमधून बंदरापर्यंत न्यावे, हा क्रम डिचोली, सत्तरी व सांगे या तालुक्यांतील वाचकांना सांगावयास नको. अशा खाणीत भांडवल गुंतल्यापासून पहिले खनिज हाती येईपर्यंत फार काळ जात नाही. बाजार पडला तर काम मंद करता येते, चढला तर वाढविता येते. भूगर्भातील खाणीचा हिशेब मात्र सर्वस्वी निराळा असतो. तेथे आधी अनेक वर्षे केवळ खर्चच करावयाचा असतो, आणि उत्पन्न सुरू होईल त्या दिवशी बाजारभाव काय असेल हे खर्च करणाऱ्यास ठाऊक नसते.

या निराळ्या हिशेबाचा उत्तम नमुना म्हणजे प्लॅटिनमची खाण होय. भारत सरकारने २०२३ साली ज्या ३० खनिजांस अत्यावश्यक म्हणून मानले त्यांत प्लॅटिनम गटातील धातूंचा समावेश आहे. तेव्हा या विषयाची ओळख आपल्याकडील शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ यांनी करून घेणे अप्रस्तुत ठरणार नाही. उदाहरण मात्र दक्षिण आफ्रिकेचेच घ्यावे लागते. कारण जगात खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के प्लॅटिनम त्या एका देशातून येते.

खडकातील पातळ पान

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात बुशवेल्ड नावाचा आग्नेय खडकांचा प्रचंड समूह आहे. सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जमिनीखाली पसरून थराथराने निवत गेला आणि त्याच्या काही थरांत प्लॅटिनम व त्याचे सोबती धातू साचले. १९२४ साली अँड्रीज लोम्बार्ड या शेतकऱ्यास एका कोरड्या नदीपात्रात प्लॅटिनमचे कण आढळले. त्यांचा माग काढीत हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञाने मूळ थर शोधून काढला, म्हणून त्यास मेरेन्स्की रीफ असे नाव पडले. त्याच्या खाली क्रोमाइटने भरलेला दुसरा थर आहे, त्यास यूजी-टू म्हणतात. आजचे बरेचसे काम या दोन थरांवरच चालते.

हे थर शेकडो किलोमीटर पसरलेले असले तरी त्यांचा कामाचा भाग बहुतेक ठिकाणी मीटरभर जाडीचाच असतो. एखाद्या जाड ग्रंथाच्या मध्ये सोन्याचा वर्ख लावलेले एकच पान असावे आणि तो ग्रंथ तिरका करून जमिनीत पुरलेला असावा, अशी कल्पना करावी. पानाची वरची कड जमिनीशी भेटते तेथे खाण सोपी. पुढे पान जसजसे खोल जाते तसतसा खर्च वाढतो. शिवाय या भागात खडकाची उष्णता खोलीबरोबर झपाट्याने चढते. दर किलोमीटरास वीस अंशांहून अधिक वाढ होत असल्याने दोन किलोमीटर खोलीवर खडकाचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. तेथे माणसाने काम करावे यासाठी हवा थंड करून खाली सोडावी लागते आणि त्या शीतयंत्रांची वीज हा खर्चाचा कायमचा भाग होऊन बसतो.

पान सर्वत्र अखंडही नसते. मध्येच ते खळग्यात बुडी मारते, कोठे दुसऱ्या खडकाची भिंत त्यास तोडून जाते, कोठे ते सरकलेले असते. अशा भागांत खणून उपयोग नसतो. त्यामुळे नकाशावर दिसणाऱ्या खनिजातून बराच मोठा हिस्सा आधीच वजा करावा लागतो. जमिनीत असलेला साठा आणि फायद्याने काढता येण्याजोगा साठा या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रकल्पाच्या अहवालात यांपैकी कोणता आकडा दिला आहे, हे वाचणाऱ्याने प्रथम पाहावे.

टनातले चार ग्रॅम

खनिजाची प्रत येथे टक्क्यांत मोजीत नाहीत. एक टन खडकात किती ग्रॅम धातू, असे मोजतात. आपल्या लोहखनिजात निम्म्याहून अधिक भाग लोखंडच असते. बुशवेल्डच्या खनिजात एका टनात साधारणतः चार ते सहा ग्रॅम मौल्यवान धातू असतात, आणि तेही प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम व सोने हे चारही मिळून. दहा टनांचा एक ट्रक भरून आला तर त्यात चार ग्रॅमच्या हिशेबाने चाळीस ग्रॅम, म्हणजे साडेतीन तोळ्यांहूनही थोडे कमीच. त्यातीलही सर्व हाती लागत नाही. खडक दळून, फेसाच्या साहाय्याने धातुयुक्त चूर्ण वेगळे करण्याच्या क्रियेत १५ टक्क्यांच्या आसपास धातू गाळाबरोबर निघून जातो. उसाच्या बाबतीत साखरेचा उतारा म्हणतात तसाच हा धातूचा उतारा. साऱ्या ट्रकातून अखेर तीन तोळे धातूही पदरात पडत नाही.

आता भेसळीचा प्रश्न येतो. समजा मीटरभर उंचीने खणले असता चार ग्रॅमची प्रत मिळते. छत सुटू लागले किंवा सुरुंग नीट बसले नाहीत म्हणून कामगारांना दहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच बोटे, जादा खणावे लागले. धातू तेवढाच राहिला आणि दगड दहा टक्क्यांनी वाढला. प्रत ३.६४ ग्रॅमवर आली. गिरणीची दळण्याची शक्ती ठरावीक असल्याने वर्षाचे उत्पन्नही त्याच प्रमाणात घटले. पाच बोटांची ही किंमत पुढील हिशेबात स्पष्ट दिसेल.

एक नमुन्याचा हिशेब

पुढील खाण काल्पनिक आहे. आकडे केवळ रीत समजण्यासाठी सोयीचे घेतले आहेत. वर्गात फळ्यावर मांडून दाखविण्यास ते उपयोगी पडतील.

खाण महिन्यास दोन लाख टन, म्हणजे वर्षास २४ लाख टन खडक काढते. प्रत चार ग्रॅम. म्हणजे खडकात ९,६०० किलो धातू. उतारा ८५ टक्के धरला तर ८,१६० किलो हाती येईल. हा धातू ट्रॉय औंसाने विकला जातो व एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. म्हणून वर्षाचे उत्पादन सुमारे २ लाख ६२ हजार औंस. चारही धातूंची मिळून सरासरी किंमत औंसास १,४०० डॉलर धरू. एकूण मूल्य ३६.७ कोटी डॉलर होते. परंतु खाणीपाशी स्वतःची वितळभट्टी व शुद्धीकरणाचा कारखाना नसेल तर चूर्ण दुसऱ्यास विकावे लागते आणि तो आपला वाटा कापून घेतो. ८५ टक्के मिळाले असे मानल्यास ३१.२ कोटी डॉलर पदरात पडतात.

चालू खर्च टनास ७५ डॉलर, म्हणजे वर्षास १८ कोटी. बोगदे पुढे नेणे, यंत्रे बदलणे वगैरेंसाठी आणखी २.२ कोटी. उरले ११ कोटी. कर व स्वामित्वशुल्क यांत तीन कोटी गेले असे धरल्यास निव्वळ आठ कोटी डॉलर शिल्लक राहतात. खाण उभारण्यास ५० कोटी डॉलर लागले आणि ती २५ वर्षे चालली, तर पन्नास कोटींचे दोनशे कोटी झाले! पुष्कळदा लोकांसमोर ठेवला जातो तो हिशेब एवढाच असतो.

यातून एक गोष्ट सुटली आहे. ती म्हणजे काळ. शाफ्ट म्हणजे उभी विहीर खणणे, तिला आधार देणे, तळापासून आडवे बोगदे थरापर्यंत नेणे, वायुवीजन व उपसा यांची व्यवस्था करणे, या साऱ्याला खोल खाणीत आठ-दहा वर्षे सहज लागतात. भांडवलावर दहा टक्के परतावा अपेक्षिला तर आठ वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत सुमारे ४७ पैसे होते. वीस वर्षांनी मिळणाऱ्याची १५ पैसे, आणि तीस वर्षांनी मिळणाऱ्याची सहा पैशांहूनही कमी. सावकारी व्याजाचाच हा उलटा हिशेब होय.

या रीतीने वरील खाण पुन्हा तपासू. ५० कोटींचा खर्च आठ वर्षांत सारखा विभागला तर त्याचे आजचे मूल्य ३३.३ कोटी होते. नवव्या वर्षापासून पंचवीस वर्षे मिळणाऱ्या आठ-आठ कोटींचे आजचे मूल्य ३३.९ कोटी होते. चौपट वाटणारा धंदा खर्च भागवून जेमतेम अर्धा-पाऊण कोटी पुढे राहिला.

आता किंमत केवळ दहा टक्क्यांनी उतरली असे समजा. चालू खर्च तसाच राहतो, म्हणून वार्षिक शिल्लक आठांवरून ५.७ कोटींवर येते आणि साऱ्या प्रकल्पास आजच्या मूल्याने नऊ कोटींहून अधिक तोटा होतो. मघाची पाच बोटे जादा खणली गेली तरी परिणाम जवळपास हाच, कारण धातू दहा टक्के कमी निघणे आणि भाव दहा टक्के उतरणे हे तिजोरीला सारखेच. शाफ्टला आठांऐवजी दहा वर्षे लागली, आणि एक डॉलरही जादा खर्च झाला नाही असे उदारपणे मानले, तरी पावणेतीन कोटींच्या आसपास तोटा येतो. वास्तवात काम लांबले की खर्चही वाढतोच. म्हणून प्रकल्पाच्या अहवालात एकच अपेक्षित नफा न पाहता भाव, प्रत, उतारा, खर्च व मुदत यांतील प्रत्येक गोष्ट बिघडल्यास काय होईल याचा तक्ता मागावा. आणि दोन गोष्टी एकदम बिघडल्यास काय, हेही विचारावे. संकटे एकेकटी यावीत असा काही नियम नाही.

भावाची लहर

भाव दहा टक्क्यांनी उतरेल हे धरणे फार सौम्य झाले. मार्च २००८ मध्ये प्लॅटिनम औंसास २,२०० डॉलरांच्या वर गेले होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ते ८०० डॉलरांच्या खाली आले. २००८ च्या तेजीत कोणी शाफ्टचे काम सुरू केले असते तर पहिले खनिज वर येण्याच्या सुमारास, म्हणजे २०१६ साली, त्याला हजार डॉलरांच्याच आसपास भाव मिळाला असता. २०२५ मध्ये हा भाव पुन्हा १,४०० डॉलरांच्या पुढे गेला. या चढउताराशी खाणवाल्याच्या कर्तृत्वाचा काहीही संबंध नाही.

या धातूंची मोठी मागणी मोटारींच्या धुरातील विषारी वायू निर्धोक करणाऱ्या उपकरणासाठी असते. डिझेलच्या गाड्यांत प्लॅटिनम आणि पेट्रोलच्या गाड्यांत पॅलेडियम व ऱ्होडियम अधिक वापरले जाते. २०१५ साली फोक्सवॅगन कंपनीचा धूरचाचणीतील लबाडीचा प्रकार उघडकीस आल्यावर युरोपात डिझेलच्या गाड्यांची मागणी ओसरू लागली आणि त्याचा फटका रस्टेनबर्गच्या खाणींना बसला. विजेवर चालणाऱ्या मोटारीस तर हे उपकरणच लागत नाही. ऱ्होडियमची कथा अधिकच विलक्षण आहे. मार्च २०२१ मध्ये त्याचा औंसाचा भाव २९,००० डॉलरांच्या पुढे गेला आणि २०२३ च्या उत्तरार्धात तो पाच हजारांच्याही खाली होता. सरासरी किंमत काढताना अशा एखाद्या शिखरावरचा आकडा धरला तर कोणतीही खाण फायदेशीर दिसेल.

चलनाचीही एक गुंतागुंत आहे. माल डॉलरमध्ये विकला जातो, पगार व वीजबिल मात्र रँडमध्ये द्यावयाचे असते. डॉलरच्या तुलनेत रँड घसरला की खाणीला दिलासा मिळतो. केवळ डॉलरचा भाव पाहून खाणीची प्रकृती जोखणे म्हणूनच चुकीचे ठरते.

माणूस, वीज आणि एकच दोर

अरुंद थरात मोठी यंत्रे शिरत नाहीत. जुन्या खाणींतून माणसेच वाकून, गुडघ्यांवर बसून छिद्रे पाडतात. साहजिकच खर्चातील वेतनाचा वाटा मोठा असतो, आणि ते वेतन घेणाऱ्याचे जिणे कष्टाचे असते. ईस्टर्न केप, लेसोथो, मोझांबिक येथून आलेले हे कामगार आपल्या कमाईतून दूरची कुटुंबे पोसतात. परदेशातून येणाऱ्या पैशांवर ज्यांची घरे उभी राहिली त्या गोमंतकीयांना याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ऑगस्ट २०१२ मध्ये मारिकाना येथे लॉनमिन कंपनीच्या खाणीवर वेतनवाढीसाठी संप झाला. १६ ऑगस्ट रोजी पोलिसांच्या गोळीबारात ३४ खाणकामगार मृत्यू पावले. त्याआधीच्या काही दिवसांतील हिंसाचारात आणखी दहा माणसे गेली होती, त्यांत पोलीस व सुरक्षारक्षकही होते. पुढे जानेवारी २०१४ मध्ये तीन मोठ्या कंपन्यांतील सुमारे ७० हजार कामगारांनी महिना १२,५०० रँड मूळ वेतनाच्या मागणीसाठी संप पुकारला. तो पाच महिने चालला. पुरवठा एवढा घटूनही प्लॅटिनमचा भाव फारसा चढला नाही, कारण जमिनीवर पूर्वीचा साठा होता. कामगारांची मजुरी गेली आणि कंपन्यांचे उत्पन्न गेले. तरीही उपसा, वायुवीजन, देखभाल यांचा खर्च चालूच होता. जोखीम मोजणारे पुष्कळ लोक संप हा बाहेरून आलेला अपघात मानतात. मला ते पटत नाही. जो प्रकल्प कामगारास पुरेसे वेतन व बरे घर दिल्यानंतर तोट्यात जातो, त्याची व्यवहार्यता मुळातच चुकीची मांडलेली असते.

विजेविषयी एवढेच सांगणे पुरे की, जानेवारी २००८ मध्ये सरकारी वीजसंस्थेने पुरवठ्याची हमी देण्यास असमर्थता दर्शविताच दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या खाणींना काही दिवस भूगर्भातील काम थांबवावे लागले. पंखे व पाळणे बंद पडतील अशा जागी माणसे उतरविणे शक्य नसते.

पाळण्याची गोष्ट निघाली म्हणून दुसरा एक प्रसंग नमूद करावासा वाटतो. २७ नोव्हेंबर २०२३ रोजी रस्टेनबर्गजवळ इम्पाला कंपनीच्या अकरा क्रमांकाच्या शाफ्टमध्ये कामगारांना वर आणणारा पाळणा अकस्मात खाली घसरला. या दुर्घटनेत १३ कामगार दगावले. शाफ्ट ही भूगर्भातील खाणीची मुख्य नाडी असते. माणसे, खडक, हवा, वीज, पाणी बहुतांशी तिच्यातूनच जाते-येते. उघड्या खाणीत एक रस्ता खचला तर दुसरा काढता येतो, येथे ते तितके सोपे नाही.

तोटा कोणाचा, नफा कोणाचा

मारिकानाची लॉनमिन कंपनी त्यानंतर सावरली नाही. २०१५ च्या अखेरीस भांडवल उभारण्यासाठी तिने प्रत्येक जुन्या भागामागे ४६ नवे भाग, तेही एक-एक पेनीस, देऊ केले. जुन्या भागधारकांची मालमत्ता जवळजवळ पुसली गेली. या भागधारकांत सर्वांत मोठी होती पब्लिक इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाचा निधी सांभाळणारी संस्था. शिक्षक, परिचारिका, पोलीस यांच्या म्हातारपणाची पुंजी अशी त्या शाफ्टांत उतरली होती. जून २०१९ मध्ये सिबान्ये-स्टिलवॉटर या कंपनीने लॉनमिन ताब्यात घेतली. त्यापूर्वी २०१६ साली तिने अँग्लो अमेरिकन प्लॅटिनमच्या रस्टेनबर्ग येथील जुन्या खाणीही घेतल्या होत्या. पुढे पॅलेडियम व ऱ्होडियम कडाडले आणि २०२१ साली याच खाणींनी नव्या मालकास भरघोस नफा दिला. खोदणाऱ्याचे दिवाळे आणि घेणाऱ्याची दिवाळी, असे म्हटल्यास थोडी अतिशयोक्ती होईल. पण हिशेबाची गोम तीच आहे. शाफ्ट खोदण्याचा खर्च पहिल्याने सोसला, दुसऱ्याला केवळ चालू खर्च भागवावयाचा होता. २०२३ मध्ये भाव कोसळताच त्याच कंपनीने काही शाफ्ट बंद करण्याची व नोकरकपातीची योजना जाहीर केली.

बंद करणेही फुकट होत नाही. उपसा थांबला की खाण पाण्याने भरते, आधार कुजतात आणि तिला पुन्हा जिवंत करणे बहुधा परवडत नाही. त्यामुळे तोट्यातील खाणही उद्याच्या भावाच्या आशेवर वर्षानुवर्षे चालविली जाते. आपल्या शेजारच्या कोलारचे उदाहरण सर्वश्रुत आहे. तीन किलोमीटरांहून खोल गेलेल्या त्या सोन्याच्या खाणींत सोने काढण्याचा खर्च सोन्याच्या किमतीहून किती तरी अधिक झाल्यावरही काम चालू राहिले आणि अखेर २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या. सोने संपले म्हणून नव्हे, तर परवडेनासे झाले म्हणून.

वटावाच्या गणितातील एका धोक्याकडे अधिकाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. खाण मिटल्यावर गाळाचे ढिगारे स्थिर करणे, पाणी शुद्ध ठेवणे, जमीन पूर्ववत करणे यांचा खर्च सर्वांत शेवटी येतो. तेहतीस वर्षांनंतरच्या एका रुपयाचे आजचे मूल्य दहा टक्के दराने चार पैसे होते. त्यामुळे अहवालात हा खर्च क्षुल्लक दिसतो. गावाला तो पुऱ्या रुपयानेच भरावा लागतो, आणि तोपर्यंत कंपनी दोनदा विकली गेलेली असते. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेच्या २००२ च्या खनिज कायद्याने या कामासाठी आधीच तरतूद करण्याचे बंधन घातले. आपल्या नियमांतही खाण बंद करण्याची योजना व तिच्यासाठी आर्थिक हमी यांची तरतूद आहे. ही हमी किती रकमेची आहे, ती कोणाकडे आहे आणि मालक बदलल्यास तिचे काय होते, हे तीन प्रश्न ग्रामसभेतही विचारता येण्याजोगे आहेत.

भारतात प्लॅटिनमची स्वतंत्र खाण अद्याप नाही. ओडिशातील बौला-नुआसाही, तामिळनाडूतील सित्तमपुंडी व कर्नाटकात दावणगेरे जिल्ह्यातील हनुमलापूर येथे या गटाचे धातू आढळले असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तेथे शोधकार्य केले आहे. अशा शोधाच्या बातमीत सामान्यतः टनामागे किती ग्रॅम एवढाच आकडा असतो. थराची जाडी, त्याची अखंडता, खोली, धातूचा उतारा, जवळची वितळभट्टी आणि पाणी यांची उत्तरे विंधनछिद्रांच्या दाट जाळ्यातून व प्रयोगशाळेतील चाचण्यांतून पुढे हळूहळू मिळतात. शाफ्टची जागा ठरविण्याची वेळ त्यानंतर येते.